बाळाचा डावा डोळा रोज सकाळी चिकटतो. मसाज करत राहू की थेंब टाकू?

रावेरची_लेक
नमस्कार मंडळी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आले आहे. सोबत सव्वाचार महिन्यांचं पिल्लू. त्याचा डावा डोळा दीड महिन्याचा असल्यापासून पाझरतो. रडत नसला तरी डोळा पाण्याने डबडबलेला, आणि सकाळी पिवळट चिपडांनी पापण्या अशा चिकटतात की कोमट पाण्याचा कापूस पाच मिनिटं धरावा लागतो. डोळा लाल मात्र नाही.

जळगावला डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, अश्रुनलिका नाकाकडच्या टोकाला उघडलेली नाही, मसाज करा, वर्षापर्यंत थांबा. थेंब लिहून दिले, पण म्हणाले चिपडं फारच वाढली तरच, आणि तेही पाच दिवस. घरी आले तर इथे तीन पक्ष. आई म्हणते काजळ घाल, डोळा मोठा होईल आणि पाणीही थांबेल. काकू म्हणते अंगावरच्या दुधाचे दोन थेंब सोड. भाऊ म्हणतो थेंब आणलेत तर रोज टाक ना, बाटली काय शोकेसमध्ये ठेवायला आणली?

आईच्या स्वतःच्या उजव्या डोळ्यातून गेली तीन-चार वर्षं पाणी येतं. दिवसभर पदराचं टोक डोळ्याला. मी काजळाला नको म्हटलं की म्हणते, "मलेही येऊ राह्यलं ना पाणी, मी मेली का?"

कुणाच्या बाळाला हे झालं होतं का? मसाजने खरंच सुटतं?

शेवभाजी_जिंदाबाद
शेवभाजीचा तिखट रस्सा समोर ठेवा, सगळ्यांच्या नलिका मोकळ्या होतील. (मारू नका, बाळासाठी नाही म्हटलं.)

धुळेकरीण
सुटतं. माझ्या मुलीचे दोन्ही डोळे असेच होते, एक पाचव्या महिन्यात सुटला, दुसरा आठव्यात. पण मसाज नीट दाखवून घे. मी पहिले दोन महिने नुसतं नाकाचं हाड गोंजारत होते. डॉक्टरीणबाईंनी माझं बोट धरून दाखवलं तेव्हा कळलं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाला लागून, वाटाण्याएवढी जागा आहे. तिथे करंगळीचं टोक ठेवायचं, थोडा दाब द्यायचा आणि तो दाब तसाच ठेवून बोट खाली नाकपुडीकडे ओढायचं. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. नखं कापलेली हवीत. मी दूध पाजतानाच उरकायचे, तेव्हा ती हलत नसे.

दाबल्यावर डोळ्यात चिपड वर आलं तर घाबरू नकोस, तेच बाहेर यायला हवं असतं.

भुसावळ_जंक्शन
आमच्याकडे तर डॉक्टरांनी काही न सांगता थेंब दिले होते. दोन दिवसांत डोळा स्वच्छ. बंद केले की चौथ्या दिवशी परत चिपडं. असं सात महिने. माझं मत, थेंब लागू पडतात, उगाच घाबरू नका.

केळीवाला_यावल
@भुसावळ_जंक्शन, भाऊ, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. बंद केले की परत.

मी डॉक्टर नाही, पण ठिबकवर पंधरा वर्षं केळी घेतोय. लॅटरलचं, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळीचं, शेवटचं टोक दुमडून बंद केलेलं असतं. पाणी तिथे साचतं, गाळ बसतो, त्यावर चिकट शेवाळ धरतं आणि मग एकेक ड्रिपर बंद. नवशिक्या माणूस वरून औषध सोडतो. शेवाळ मरतं, आठ दिवसांत परत येतं, कारण पाणी साचलेलंच आहे. जुना माणूस काय करतो? टोक उघडतो, पंपाचा दाब देतो, काळं पाणी भसाभस निघून जातं. ताई, तुझ्या पोराचं टोक दुमडलेलं आहे. मसाज म्हणजे पंपाचा दाब.

अमळनेरकर
केळीवाल्यांना कुठलाही धागा द्या, ते ठिबकवर आणून सोडतात. मागच्या वेळी गुडघेदुखीत पण फिल्टर आला होता.

केळीवाला_यावल
गुडघ्यात पण गाळच असतो हो.

नेत्रपल्लवी
डोळ्यांची डॉक्टर आहे, त्यामुळे तोंड उघडणं भाग आहे. केळीवाल्यांचं उदाहरण मी उद्यापासून ओपीडीत वापरणार, आधीच सांगते.

रचना अशी. वरच्या आणि खालच्या पापणीच्या आतल्या टोकाला एकेक बारीक छिद्र असतं. आरशात खालची पापणी जरा ओढून बघा, सुईच्या टोकाएवढं दिसेल. तिथून दोन सूक्ष्म नळ्या अश्रुपिशवीत जातात आणि पिशवीतून एक नळी हाडाच्या बोगद्यातून खाली नाकात उघडते. म्हणून तर रडलं की नाक गळतं आणि डोळ्यात औषध टाकलं की घसा कडू होतो. बाळांमध्ये या नळीच्या नाकाकडच्या तोंडावर एक पातळ पडदा राहून गेलेला असतो. मसाजने पिशवीतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि तो पडदा फाटतो. अशा दहातल्या साधारण नऊ बाळांचा डोळा वर्षाच्या आत आपोआप सुटतो. नाहीच सुटला तर बारीक सळई घालून मार्ग मोकळा करतात, त्याला प्रोबिंग म्हणतात.

पहिल्या काही आठवड्यांत बाळाला अश्रूच फारसे नसतात, म्हणून त्रास महिना-दीड महिन्यानंतर दिसायला लागतो. रावेरची_लेकने लिहिलंय तसंच.

ज्याला थांबायचं नाही ते सांगते. कोपऱ्यात लाल, गरम, दुखरी सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि पाण्यासोबत बाळ उजेडाला डोळे घट्ट मिटत असेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर ते नलिकेचं दुखणं नसून काचबिंदू असू शकतो. तिथे मसाज करत बसलात तर नजर जाईल.

केळीवाले, एकच विनंती. ठिबकमध्ये तुम्ही ॲसिड सोडता, ते उदाहरण ओपीडीत सांगणार नाही.

रावेरची_लेक
बुबुळ नीट आहे, उजेडालाही काही करत नाही, खिडकीकडे टक लावून बघतो. हुश्श. @धुळेकरीण, मीपण नाकाचं हाडच गोंजारत होते बहुतेक.

तापीकाठ
काजळाबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या आजीचं काजळ म्हणजे एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी ठेवून धरलेली काजळी, त्यात साजूक तूप. रसायनं नाहीत, काही नाही. आम्ही सात भावंडं त्यावरच वाढलो, एकालाही चष्मा नाही. जुनं सगळंच वाईट असं नसतं.

नेत्रपल्लवी
तुमच्या आजींच्या काजळात शिसं नसेल, बाजारातल्या काही सुरम्यांत असतं. पण इथे प्रश्न शिशाचा नाही. ते काजळ बोटाने घालतात, आणि घालतात नेमकं त्या छिद्रावरच. आधीच बंद असलेल्या नळीच्या तोंडावर काजळी आणि तूप. केळीवाले, सांगा यांना.

केळीवाला_यावल
फिल्टर काढून टाकला आणि वरून गढूळ पाणी सोडलं.

तापीकाठ
बरं बाबा. तीट गालावर लावू की तीपण बंद?

धुळेकरीण
गालावर लावा, कानामागे लावा. दृष्ट काढायला मिरच्या ओवाळल्या तरी चालेल, फक्त बाळापासून लांब धरून 😄

चोपडा_मास्तर
एक मूलभूत शंका. चिपडं म्हणजे जंतू. जंतू आले म्हणून डोळा तुंबला, की डोळा तुंबला म्हणून जंतू आले? आणि ते येतात कुठून? बाळाला तर कुणी हातही लावत नाही.

पेट्रीडिश
मास्तर, जंतू "येत" नाहीत, असतातच.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. एम.एस्सी.ला असताना आम्ही प्रॅक्टिकलला एकमेकींच्या डोळ्यांचे नमुने घेतले होते. खालची पापणी ओढायची, ओला स्वॅब (कापसाची काडी) आतून एकदा फिरवायचा आणि जंतू वाढवायच्या प्लेटवर रेघा मारायच्या. दुसऱ्या दिवशी आमच्या निम्म्या प्लेट्सवर काहीच नव्हतं. उरलेल्यांवर दोन-चार ठिपके, राजगिऱ्याच्या दाण्यासारखे पांढरे, गोल. त्याच दिवशी कुणीतरी तळहात टेकवलेली प्लेट मात्र दाण्यांनी गच्च भरली होती. ते दोन-चार ठिपके म्हणजे बहुतेक स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, आपल्या त्वचेवरचा नेहमीचा भाडेकरू. डोळ्यावर त्याच्याशिवाय कोरिनेबॅक्टेरियम आणि क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हेही नेहमी सापडतात.

आता डोळा ही ओली, उबदार, उघडी जागा. मग तिथे तळहातापेक्षा जास्त जंतू हवेत ना? तसे नसतात, कारण अश्रू. त्यात लायसोझाइम नावाचा पदार्थ आहे, तो कित्येक जंतूंची भिंतच फोडतो. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगने तो १९२२ मध्ये लोकांसमोर मांडला, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. सुरुवात स्वतःच्या सर्दीच्या शेंबडापासून झाली, मग तो अश्रूंकडे वळला आणि अश्रू मिळवायला लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळायचा.

शेवभाजी_जिंदाबाद
बिचारे. आमच्या भरीत पार्टीला आला असता तर पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) धुरावर दोन लिटर जमा झाले असते.

अमळनेरकर
पऱ्हाट्या? भरिताचं वांगं तुरीच्या काड्यांवर भाजतात.

लेवा_पोर
तुरीच्या काड्या असोत की पऱ्हाट्या, वांगं बामणोदचं पाहिजे. हिरवं, लांब, बी कमी. बाकी सगळं राजकारण.

चोपडा_मास्तर
विषय भरकटतोय. माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

पेट्रीडिश
तिकडेच येत होते मास्तर. डोळा तुंबला म्हणून जंतू माजले. एरवी अश्रू थोडे थोडे तयार होतात, मिनिटाला साधारण एक-दोन मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग). पापणी मिटली की ते कोपऱ्याकडे ढकलले जातात आणि नाकात उतरतात. जंतू सोबत वाहून जातात. नळी बंद झाली की पिशवीत तेच पाणी दिवसेंदिवस साचतं, लायसोझाइमचा जोर पुरत नाही आणि दोन-चार ठिपक्यांची वस्ती होते.

म्हणून @भुसावळ_जंक्शन यांचे थेंब दोन दिवस चालायचे. वस्ती उठवली, डबकं तिथेच.

भुसावळ_जंक्शन
मान्य. पण मग रोज थेंब टाकून वस्ती बसूच दिली नाही तर काय बिघडलं?

पेट्रीडिश
दोन गोष्टी. रोजच्या अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू मागे उरतात आणि तेच वाढतात. दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. डोळ्यावरचे सगळे भाडेकरू फुकटे नसतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवलं की उंदरांच्या डोळ्यावर राहणारा एक कोरिनेबॅक्टेरियम तिथल्या प्रतिकारपेशींना सतत थोडंसं डिवचत ठेवतो. त्यामुळे त्या सावध राहतात आणि कॅंडिडा बुरशी किंवा स्यूडोमोनास जंतू आले तर त्यांना टिकू देत नाहीत. तो जंतू नसलेले उंदीर लवकर आजारी पडले. हे उंदरांत दिसलंय, माणसाला जसंच्या तसं लावू नका. पण "डोळ्यावर जंतू? मग धुवून टाका" इतकं सोपं ते नाही एवढं नक्की.

पाचोरा_पॅसेंजर
मी लेन्स वापरतो. माझ्या डोळ्यावर कोण राहतं?

पेट्रीडिश
२०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तेच पाहिलं होतं. लेन्सवाल्यांच्या डोळ्यांवरची वस्ती पापणीच्या त्वचेवरच्या वस्तीशी जास्त मिळतीजुळती निघाली. म्हणजे आपण बोटाने रोज गावातून पाहुणे नेऊन सोडतो. हात साबणाने धुऊन कोरडे करत जा आणि लेन्सला नळाचं पाणी कधीच लावू नका.

पाचोरा_पॅसेंजर
"कधीच" म्हणजे प्रवासात पण?

नेत्रपल्लवी
प्रवासात तर मुळीच नाही. चष्मा लावा आणि खिडकी बंद ठेवा.

अहिराणी_भो
मनी आजी सांगे, डोयाले हात लावाना नही. तिले कोणता जंतू म्हाईत व्हता!

धुळेकरीण
काकूचं दूध राहिलंच की. म्हणजे काकूचा सल्ला, बाळाच्या आईचं दूध. वाक्य फसलं.

पेट्रीडिश
😄 काकू अगदीच चूक नाहीत. आईच्या दुधात लायसोझाइम असतंच, शिवाय प्रतिपिंडं. पण त्यात साखरही असते आणि साचलेल्या पिशवीत साखर म्हणजे जंतूंना पंगत. दूध तोंडातूनच बरं.

चाळीसगाव_घाट
एक वाईट अनुभव सांगतो, नाव नाही घेत. माझ्या पुतण्याला असंच पाणी यायचं. वहिनींनी दुकानातून विचारून थेंब आणले. डोळा छान पांढरा व्हायचा म्हणून चार महिने चालू. नंतर कळलं त्यात स्टेरॉइड होतं. तपासलं तर डोळ्यातला दाब वाढलेला. थेंब बंद केल्यावर उतरला, पण ते दोन महिने घरात कुणी धड जेवलं नाही. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, आणि वाचून कळलं नाही तर लिहून देणाऱ्याला विचारा.

नेत्रपल्लवी
हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. बाकी थेंबांबद्दल एक. डोळ्यात एका वेळी मावतात सात-आठ मायक्रोलिटर अश्रू, आणि बाटलीचा एक थेंब असतो त्याच्या चार-पाच पट. एक थेंब पुरतो. दुसरा गालावरच जातो. टाकल्यावर कोपरा मिनिटभर दाबून धरा, औषध नाकात उतरत नाही.

आता मला वेगळंच विचारायचंय. @रावेरची_लेक, बाळाचं तर उरकलं. तुमच्या आईंचं काय? उजवा एकच डोळा, तीन-चार वर्षं, कायम पाणी. कुणी तपासलंय?

रावेरची_लेक
आईचं? ती चुलीवर बिबडे लाटते ना, धुराने येतं म्हणते. शिवाय इथलं ऊन. आज ४४ आहे.

अमळनेरकर
उन्हानेच येतं. वैशाखातली लू लागली की आमच्या अख्ख्या गल्लीचे डोळे वाहतात.

नेत्रपल्लवी
लूने येतं हे खरं, आणि गंमत म्हणजे ते डोळे कोरडे पडतात म्हणून. कोरड्या डोळ्याला टोचतं आणि मेंदू अश्रूंचा लोंढा पाठवतो. पण लू दोन्ही डोळ्यांना लागते. धूरही उजवा-डावा बघत नाही. श्रावणातही, घरात बसूनही, एकाच डोळ्यातून पाणी येत असेल तर नळी बघायला हवी. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांमध्ये हे बरंच दिसतं, त्यांचा हाडातला बोगदा मुळात अरुंद असतो.

एक करा. हात धुऊन आईंच्या उजव्या डोळ्याचा आतला कोपरा, बाळाचा दाबता तिथेच, हलकेच दाबा. काय येतं ते सांगा. आणि मोतीबिंदूचं काही ठरलं असेल तर त्या आधी नक्की.

रावेरची_लेक
मोतीबिंदूचं ठरलंय! पुढच्या महिन्यात शिबिरात नाव दिलंय. उद्या दाबून बघते.

चोपडा_मास्तर
मोतीबिंदूचा काय संबंध?

नेत्रपल्लवी
मोतीबिंदूत आपण डोळा उघडतो. शेजारच्या पिशवीत पू असेल तर तो आत जायला वाट मिळते, आणि डोळ्याच्या आत गेलेले जंतू म्हणजे नजर जाण्याचा धोका. म्हणून शस्त्रक्रियेआधी छिद्रातून सलाइन सोडून नळी मोकळी आहे का ते बघतात. घशात खारट लागलं तर मोकळी.

रावेरची_लेक
दाबलं. आई "काय करतीस गं" म्हणाली आणि कोपऱ्यातून दाट पांढरं आलं, मलईसारखं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. आईने पदर उचलला, मी हात धरला.

केळीवाला_यावल
ताई, लगेच घेऊन जा.

भुसावळ_जंक्शन
+१. शिबिरात सांगून टाका, लपवू नका.

*

रावेरची_लेक
धागा वर काढतेय, सहा-सात महिन्यांनी. बरेच जण व्यक्तिगत निरोपात विचारत होते.

आधी पिल्लू. मसाज चालू ठेवला, थेंब एकदाच पाच दिवस टाकले. नवव्या महिन्यात एकदा जिन्यात पडला आणि आकाशपाताळ एक केलं. मी त्याला उचलून पुसत होते तर डाव्या नाकपुडीतून पाणी. आतापर्यंत रडला की उजवीच गळायची. मी तिथेच ओरडले. सासूबाईंना वाटलं डोक्याला लागलं. दुसऱ्या दिवसापासून चिपड नाही.

आईचं मोठं झालं. सलाइन सोडलं, डॉक्टर विचारत होते "घशात खारट लागलं का?" आणि आई मान हलवत होती, सगळं पाणी वरच्या छिद्रातून परत गालावर. मोतीबिंदू पुढे ढकलला. आधी डीसीआर केलं, म्हणजे पिशवीतून नाकात नवीन वाट. हाडाला छोटी खिडकी पाडतात. दुर्बिणीने नाकातून केलं, चेहऱ्यावर व्रण नाही. सिलिकॉनची बारीक नळी ठेवली होती, ती नंतर काढली. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही असं सांगितलं होतं. आईने दहाव्या दिवशी शिंकरलं. थोडं रक्त आलं, शिव्या खाल्ल्या. मागच्या महिन्यात मोतीबिंदूही झाला.

आता तिचा एक नवा उद्योग. जोरात नाक शिंकरलं की उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून फुस्स हवा येते. डॉक्टर म्हणाले, वाट मोकळी असल्याची खूण आहे. शेजारच्या बायकांना बोलावून करून दाखवते.

केळीवाला_यावल
टोक उघडलं, हवा पण निघाली. लाइन चालू.

नेत्रपल्लवी
आईंना सांगा, प्रयोग बंद करा. खूण एकदा बघितली की पुरते. बाकी फार बरं वाटलं.

शेवभाजी_जिंदाबाद
थंडी पडली, काकूंच्या हातचं भरीत कधी? पऱ्हाट्या मी आणतो.

अमळनेरकर
तुरीच्या काड्या.

तापीकाठ
@नेत्रपल्लवी, धागा सगळा वाचून काल आमच्या सौ.च्या डोळ्याचा कोपरा दाबायला गेलो. दाबू देत नाहीत. म्हणतात आधी स्वतःचा दाबा. स्वतःचा दाबला तर चालतं का, आणि कुठल्या बोटाने?